आज पळवायचं की नाही? आजारी कुत्रा आणि अ‍ॅजिलिटीचं रिंगण

अ‍ॅजिलिटी म्हणजे कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत. रिंगणात आडवे बार लावलेल्या उड्या असतात, लांबलचक बोगदे असतात, बारा खांबांची रांग (वीव्ह पोल्स) असते आणि तिच्यातून कुत्र्याने नागमोडी निघायचं असतं. साडेपाच फूट उंच, दोन उतारांची ए-फ्रेम, चार फुटांवरून जाणारा फूटभर रुंद पूल म्हणजे डॉग वॉक, आणि कुत्रा पुढे सरकला की दाणकन खाली येणारी सी-सॉची फळी. अडथळ्यांचा क्रम पंच ठरवतात आणि तो दर वेळी वेगळा असतो. हँडलरने, म्हणजे कुत्रा पळवणाऱ्या माणसाने, सोबत धावत हातवारे करून आणि आवाज देऊन वाट दाखवायची. कुत्र्याला हात लावायचा नाही, खाऊ दाखवायचा नाही. वरच्या गटात अठरा ते वीस अडथळे असतात आणि तयार कुत्रा ते मिनिटाच्या आत उरकतो.

१९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात दोन कार्यक्रमांच्या मधला रिकामा वेळ भरून काढायचा होता. जॉन व्हार्ली यांनी पीटर मीनवेल या प्रशिक्षकांच्या मदतीने घोड्यांच्या शो जंपिंगवरून हा खेळ बसवला. लोकांनी तो डोक्यावर घेतला. अमेरिकन केनेल क्लब, म्हणजे एकेसी, १९९४ पासून याच्या स्पर्धा भरवतो, आणि आज इथे अमेरिकेत जवळपास प्रत्येक शनिवार-रविवारी कुठे ना कुठे रिंगण मांडलेलं असतं.

मी न्यू जर्सीत राहते. माझी शेल्टी जातीची कुत्री बिजली हिच्या डाव्या कोपरात संधिवात आहे आणि ती अजून स्पर्धेत उतरते. त्यामुळे मला दोन प्रश्न कायम ऐकावे लागतात. घरून आई-मावशी विचारतात, "अगं, दुखणाईत जिवाला पळवतेस कशाला?" आणि रिंगणाबाहेरची मंडळी म्हणतात, "पळतेय ना आनंदाने, मग झालं तर!" दोन्ही प्रश्न मायेपोटीच येतात. पण निर्णय घ्यायला दोन्ही अपुरे आहेत, कारण दोन्हीत कुत्र्याच्या शरीरात नेमकं काय चाललंय हे कुणी विचारत नाही.

कुत्र्याच्या आनंदावर विसंबता येत नाही, हे आधी सांगून टाकते. रिंगणाच्या दाराशी उभा असलेला कुत्रा उत्तेजित असतो, आणि त्या उत्तेजनात वेदना दबते. घरी जिना चढताना थबकणारा कुत्रा तिथे बाणासारखा सुटतो. त्यात बॉर्डर कॉली, शेल्टी या मेंढपाळी जाती माणसाच्या इशाऱ्यावर दिवसभर राबण्यासाठीच पैदास झालेल्या. त्यांना थांबता येत नाही, थांबवावं लागतं. म्हणजे "नको" म्हणायचं काम पूर्णपणे आपलं.

आजाराचं नाव पुरेसं नाही

निदान झालं की माणसं नावाला घाबरतात. हिप डिसप्लेझिया (खुब्याचा सांधा नीट न बसणं), एपिलेप्सी (झटक्यांचा आजार), अ‍ॅडिसन्स. पण नुसत्या नावावरून खेळ चालू ठेवायचा की बंद करायचा हे कळत नाही. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. पळण्याने हा आजार स्वतःच वाढतो का? पळताना अचानक झटका येऊ शकतो का? आणि चालू असलेली औषधं त्या दिवशीच्या धावपळीत कमी किंवा जास्त पडतील का? एकाच आजाराच्या दोन कुत्र्यांना यांची उत्तरं वेगळी मिळू शकतात.

पहिल्या प्रश्नाखाली सगळे सांध्यांचे, स्नायूंचे आणि मणक्याचे आजार येतात, आणि या खेळात सर्वात जास्त गाठ त्यांच्याशीच पडते. कुत्र्याचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. उडीवरून उतरताना तेच दोन पाय आधी टेकतात आणि तेवढ्या क्षणापुरता त्यांच्यावर वजनाच्या कित्येक पट भार येतो. ए-फ्रेमच्या उतारावर तीच गत. वीव्ह पोल्समध्ये कुत्रा बारा वेळा अंग वळवतो, म्हणजे ताण खांद्यांवर आणि पाठीवर. मालकांना विचारून केलेल्या मोठ्या पाहण्यांमध्ये साधारण तिघांपैकी एका कुत्र्याला या खेळात कधी ना कधी दुखापत झालेली आढळली, आणि त्यात खांदा सर्वात वर होता. हे धडधाकट कुत्र्यांचं झालं. ज्याचं कोपर किंवा खुबा आधीच झिजलेला आहे, त्याला जमा-खर्चाचा हिशेब जास्त काटेकोर ठेवावा लागतो.

बारची उंची कमी करणं हा पहिला आणि सर्वात सोपा उपाय. एकेसीत त्यासाठी 'प्रिफर्ड' नावाचा वेगळा गटच आहे. त्यात कुत्रा त्याच्या नेहमीच्या उंचीपेक्षा चार इंच कमी उडी मारतो. बिजली बारा इंचांवरून आठवर आली. फरक डोळ्यांना दिसतो: आधी ती उतरताना मान खाली जायची आणि पुढचं पाऊल आखूड पडायचं, आता ती धावता धावता सहज ओलांडते. मात्र बार खाली आला म्हणून सगळंच हलकं होत नाही. ए-फ्रेम चढावी-उतरावी लागतेच, वीव्ह पोल्स तेच. म्हणून आम्ही गटसुद्धा निवडून घेतो. 'जंपर्स' प्रकारात ए-फ्रेम, डॉग वॉक आणि सी-सॉ नसतात. नॅडॅक या दुसऱ्या संघटनेत तर फक्त बोगद्यांचा एक प्रकार आहे, टनेलर्स नावाचा. तिथे एकही उडी नाही आणि वेगाची मजा पुरेपूर. खुब्याचं दुखणं असलेली कितीतरी कुत्री तिथे सुखाने खेळताना मी पाहते.

सरावाकडे दुर्लक्ष होतं ते मात्र मला खटकतं. स्पर्धेत दिवसाला दोन धावा, म्हणजे फार तर दीड-दोन मिनिटं. आठवड्याच्या सरावात तोच कुत्रा त्याच्या कितीतरी पट उड्या मारतो. झीज तिथे होते. वळणं, लांबून दिशा ओळखणं, हँडलरने बाजू बदलणं, हे सगळं बार जमिनीवर ठेवून शिकवता येतं. पूर्ण उंचीच्या उड्या मोजून माराव्यात.

आणि वजन. यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. लॅब्राडोरच्या ४८ पिल्लांवर केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सख्ख्या भावंडांच्या जोड्या लावल्या, प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, आणि हे जन्मभर चालवलं. कमी खाणारी कुत्री सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचा संधिवातही उशिरा आला. कुठल्याही गोळीने एवढं साधत नाही. बरगड्यांवरून हात फिरवला की त्या दाबून न शोधता लागल्या पाहिजेत, वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. आपल्याकडे "किती वाळलीय गं!" असं कुणी म्हटलं तर खुशाल म्हणू द्यावं.

गुडघ्यातला क्रूशिएट लिगामेंट तुटला तर बहुधा टीपीएलओ नावाची शस्त्रक्रिया होते: पायाचं हाड कापून, फिरवून, पट्टीने बसवतात. हाड भरायला साधारण दोन-तीन महिने लागतात, पण हाड भरलं म्हणजे कुत्रा खेळायला तयार झाला असं नव्हे. मांडीचे स्नायू तोवर वाळलेले असतात. ते परत आणायला पाण्यातल्या ट्रेडमिलवर चालणं, चढावर चालणं, तोल सांभाळायचे व्यायाम, असे आणखी काही महिने जातात. अमेरिकेत २०१० पासून पशुवैद्यकात क्रीडा आणि पुनर्वसन ही स्वतंत्र शाखा मान्य झाली आहे. परतायचा दिवस त्या डॉक्टरांनी ठरवावा, स्पर्धांच्या वेळापत्रकाने नाही.

झटका आणि ताप

दुसरा प्रश्न अचानक येणाऱ्या गोष्टींचा. एपिलेप्सी असलेला कुत्रा पळू शकतो का? झटके आटोक्यात असतील आणि डॉक्टरांची संमती असेल तर अनेक पळतात. बहुतेकांना झटका येतो तो झोपेत किंवा निवांत असताना. काहींना मात्र उत्तेजनानंतर येतो, आणि हे प्रत्येक झटक्याची तारीख, वेळ आणि आधीचे दोन दिवस लिहून ठेवल्याशिवाय कळत नाही. फेनोबार्बिटल हे झटक्यांचं औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मागचे पाय लटपटतात, भूक आणि तहान वाढते. त्या काळात चार फूट उंचीच्या फूटभर फळीवर त्याला चढवू नये, एवढं तर उघड आहे. शिवाय ही गोळी सहसा दर बारा तासांनी द्यायची असते. पहाटे चारला उठून दुसऱ्या राज्यात गाडी हाकत जाणाऱ्यांनी तिचा गजर आधी लावावा.

लॅब्राडोरमध्ये व्यायामाने कोसळण्याचा एक आनुवंशिक आजार आहे. पाच-दहा मिनिटं जोरात खेळलं की मागचे पाय लुळे पडतात. त्यामागचा जनुकीय दोष २००८ मध्ये सापडला आणि आता डीएनए चाचणीने तो कळतो. बॉर्डर कॉलींमध्ये असंच काहीसं होतं, कुत्रा भेलकांडतो, भांबावतो, पण त्याची अशी चाचणी नाही; निदान लक्षणांवरून आणि बाकीचे आजार वगळून करतात. एक धाव मिनिटभराचीच असल्याने हे पुष्कळदा स्पर्धेत न दिसता उन्हातल्या सरावात दिसतं. तेव्हा चालणं विचित्र वाटलं की लगेच खेळ थांबवायचा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. दवाखान्यात पोचेपर्यंत कुत्रा ठणठणीत झालेला असतो आणि डॉक्टरांना पाहायला दुसरं काही उरत नाही.

उन्हाचं वेगळं सांगायला हवं, कारण ते निरोगी कुत्र्यालाही मारतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपल्यासारखा सर्वांगाला घाम त्याला येत नाही. तो धापा टाकून थंड होतो, आणि हवा दमट असली की धापांचा उपयोग घटतो. हृदयाचा आजार, लठ्ठपणा किंवा पगसारखं चपटं नाक असेल तर आणखी घटतो. तापमान १०६ च्या वर, कुत्रा भ्रमिष्ट, हिरड्या लालभडक, म्हणजे उष्माघात. आधी अंगावर भरपूर पाणी ओतायचं, वारा घालायचा, आणि मग दवाखाना.

हृदयरोगाचा माग घरी ठेवता येतो. झोपलेल्या कुत्र्याचे मिनिटाचे श्वास मोजायचे. ते सतत तीसच्या वर जाऊ लागले तर रिंगण सोडा, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

औषधांचं गणित

तिसऱ्या प्रश्नातला सर्वात शिकवणारा आजार म्हणजे अ‍ॅडिसन्स. पूडल आणि पोर्तुगीज वॉटर डॉग या जातींत तो तुलनेने जास्त आढळतो. मूत्रपिंडांजवळच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकतात आणि कॉर्टिसोल बनत नाही. ताण आला की निरोगी शरीर कॉर्टिसोल वाढवून तो पेलतं. या कुत्र्यांचं शरीर ते करू शकत नाही, म्हणून गोळीतून द्यावं लागतं. आणि इथेच अ‍ॅजिलिटीवाल्यांची गफलत होते: शरीराला आनंदाचा ताण आणि भीतीचा ताण सारखाच. शेपटी हलवत पळणाऱ्या कुत्र्यालाही त्या दिवशी कॉर्टिसोल जास्त लागतं. म्हणून डॉक्टर अनेकदा प्रवासाच्या आणि स्पर्धेच्या दिवशी प्रेडनिसोलोन, म्हणजे तीच गोळी, किती वाढवायची ते आधीच लिहून देतात. उलटी, जुलाब, गळून गेल्यासारखं पडून राहणं, ही संकटाची चिन्हं. "प्रवासाने पोट बिघडलं असेल" म्हणून वाट पाहायची नाही. नीट सांभाळलेली अ‍ॅडिसन्सची कुत्री वर्षानुवर्षं स्पर्धा खेळतात.

मधुमेहात धोका उलट बाजूने येतो. पळण्याने साखर खर्च होते, इन्सुलिन तेवढंच राहतं, आणि साखर एकदम खाली जाऊ शकते. हँडलरच्या पिशवीत मध किंवा ग्लुकोजची ट्यूब असावी, आणि वेळापत्रक आधी डॉक्टरांसमोर ठेवावं.

आता वेदनाशामकं. संधिवाताच्या कुत्र्याला डॉक्टरांनी रोज कार्प्रोफेनसारखं औषध दिलं असेल, वेळच्या वेळी रक्त तपासून यकृत आणि मूत्रपिंडावर लक्ष असेल, तर तो उपचार आहे. त्या कुत्र्याने हलकी स्पर्धा खेळण्यात मला काही गैर दिसत नाही. पण एरवी न दिलेली गोळी शनिवारी सकाळी केवळ धाव निभावण्यासाठी द्यायची, हे मला अजिबात मान्य नाही. वेदना त्याला सांगत असते की हा पाय जपून टाक. ती मिटवून आपण त्याला त्याच पायावर उडी मारायला लावतो. शिवाय ही औषधं स्टेरॉइडसोबत दिली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. माणसांचं आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याला कधीच नको. घरातल्या डब्यात दोन्ही असतात, म्हणून मुद्दाम सांगते.

शेल्टी, कॉली आणि ऑस्ट्रेलियन शेफर्ड पाळणाऱ्यांनी एमडीआर१ हा शब्द पाठच करावा. या जातींतल्या बऱ्याच कुत्र्यांत या जनुकात दोष असतो, त्यामुळे काही औषधं मेंदूत शिरून साठतात. २००१ मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात त्याचा शोध लागला. माझ्या नाशिकच्या मावसभावाने कॉली घेतली आहे. मध्यंतरी त्याचा फोन आला, "ताई, गोचीड फार झालेत, आयव्हरमेक्टिनची सुई देऊया म्हणताहेत." भारतात गोचीड आणि खरजेसाठी ही सुई सर्रास देतात, आणि त्या डोसात दोष असलेली कॉली लडखडते, आंधळी होते, कोमातही जाते. मी त्याला म्हटलं, आधी डॉक्टरांना एमडीआर१ सांग आणि दुसरं औषध माग. लोपेरामाइड ही जुलाबाची साधी गोळीही याच यादीत आहे, आणि प्रवासात जुलाब झाले की लोक हमखास तिच्याकडे वळतात.

पुण्या-मुंबईत हौसेने अ‍ॅजिलिटी शिकवणाऱ्यांना गोचीडतापाचीही तेवढीच काळजी घ्यायला हवी. एर्लिकिया या गोचीडतापात रक्तातल्या प्लेटलेट घटतात. ताप उतरला, कुत्रा जेवायला लागला, तरी प्लेटलेट पूर्ववत झाल्याचा अहवाल हातात येईपर्यंत उड्या नकोत. साध्या धडकेनेही आत रक्तस्राव होऊ शकतो.

सकाळची तपासणी

आमच्याकडे स्पर्धेच्या सकाळी हा प्रकार असतो. अंगणातल्या सिमेंटच्या वाटेवर माझा नवरा बिजलीला दोरीवर हळू दुडक्या चालीने नेतो आणि मी समोरून, मग बाजूने, स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढते. दुडकी चाल महत्त्वाची, कारण तिच्यात दोन्ही बाजूंवर सारखा भार येतो आणि लंगडणं लपत नाही. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागचा दुखत असेल तर त्या बाजूचा खुबा उंच उचलला जातो. मग मी तिच्या दोन्ही कोपरांवर हात ठेवते: एक दुसऱ्यापेक्षा गरम आहे का, वाकवताना ती मान वळवून माझ्या हाताकडे पाहते का, ओठ चाटते का. डोकं जरा जरी डुललं तरी आम्ही गाडी काढत नाही. हा निर्णय घरी, शांतपणे होतो हेच त्यातलं महत्त्वाचं. रिंगणाशी पोचल्यावर माणसाचाही जीव वर-खाली होतो आणि नजर पक्षपाती होते.

रिंगणातल्या चुकाही वाचायला शिकावं. नेहमी साफ जाणारा कुत्रा बार पाडू लागला, वीव्ह पोल्समधून दहाव्या खांबाला बाहेर पडू लागला, एकाच बाजूची वळणं रुंद घेऊ लागला, ए-फ्रेमपाशी कचरू लागला, तर बहुतेक हँडलर म्हणतात, "सराव कमी पडला." मी आधी दवाखान्यात जा म्हणेन. मांडीच्या आतला इलिओप्सोआस स्नायू दुखावला की पुष्कळदा कुत्रा लंगडतच नाही. फक्त मागच्या पायाने बार पाडतो. अशा कुत्र्याला जास्त सराव दिला तर दुखणं वाढणारच.

दोन धावांच्या मधला वेळही दुर्लक्षित राहतो. कुत्रा दोन-तीन तास क्रेटमध्ये, म्हणजे त्याच्या पिंजऱ्यात, पडून असतो आणि संधिवाताचा सांधा तेवढ्यात आखडतो. जाड गादी, अधूनमधून फेरी, आणि धावेआधी पाच-दहा मिनिटं चालणं, दुडकणं, दोन्ही बाजूंना गोल फिरणं. धाव संपली की लगेच क्रेट नाही, पुन्हा चालणं.

किताबांची ओढ

एकेसीच्या मॅच (MACH) या सर्वोच्च दर्जाच्या किताबाला ७५० गुण आणि वीस 'डबल क्यू' लागतात. डबल क्यू म्हणजे एकाच दिवशी स्टँडर्ड (ए-फ्रेम, डॉग वॉक, सी-सॉसह) आणि जंपर्स या दोन्ही धावा बिनचूक. नियमाची रचनाच अशी की सकाळची धाव साफ झाली की दुपारची सोडवत नाही, मग कुत्रा थोडा आखडलेला का असेना. त्यात प्रिफर्ड गटाचा हिशेब वेगळा चालतो, म्हणून अठरा डबल क्यू झालेला माणूस उंची कमी करायला तयार होत नाही. "दोनच राहिलेत गं," हे वाक्य रिंगणाबाहेर मी फार ऐकते. प्रवेशशुल्क आधी भरलेलं असतं आणि ते परत मिळेलच असं नाही, हाही एक दबाव. उघडपणे लंगडणाऱ्या कुत्र्याला पंच बाहेर काढतात आणि पट्टी बांधलेल्या कुत्र्याला उतरू देत नाहीत. पण पंचांना दिसेल इतकं लंगडेपर्यंत कशाला थांबायचं? दुपारची धाव स्क्रॅच करायला कुणाची परवानगी लागत नाही. नोंदणीच्या टेबलापाशी जाऊन नाव खोडून घ्यायचं आणि कुत्र्याला हिरवळीवर फिरवून आणायचं.

प्रिफर्डमध्येही पॅच हा बरोबरीचा किताब आहे, त्यालाही ७५० गुण आणि वीस डबल क्यू. उंची कमी केली म्हणून मान कमी होत नाही. मला तर आठ इंचांवर साफ धावणाऱ्या बारा वर्षांच्या शेल्टीमागची मेहनत जास्त मोठी वाटते.

आणि खेळ खरंच थांबवावा लागला, तर कुत्र्याचं डोकं रिकामं ठेवू नये. एकेसीने २०१७ पासून वास हुडकण्याच्या स्पर्धा सुरू केल्या आहेत: खोक्यांत, खोलीत, बाहेर मोकळ्यावर लपवलेला ठराविक वास कुत्र्याने शोधून दाखवायचा. उडी नाही, वळणं नाहीत, वेग कुत्र्याच्या मर्जीचा. संधिवात, अधू डोळे, म्हातारपण, काहीही असलं तरी नाक शाबूत असतं. बिजलीला आम्ही आत्तापासूनच ते शिकवतोय. तिला पळता येतंय तोवर दोन्ही चालू राहील, म्हणजे उड्या बंद झाल्या त्या आठवड्यातही तिच्याकडे काम असेल.